घरीं शिवावयाचीं आंतलीं वस्त्रें : नमुन्याचें माप कसें निवडावें?

शिवणकामावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. झबलें कसें बेतावें, पोलक्याची बाही कशी काढावी, परकराच्या कळ्या कशा जोडाव्या, हें सांगणारीं पुस्तकें अनेक घरांत सांपडतात. परंतु जें वस्त्र दिवसभर अंगाला लागून असतें, त्या आंतल्या वस्त्राविषयीं बोलावयाचें मात्र आपण टाळतों. वरचें वस्त्र चार लोकांच्या दृष्टीस पडतें म्हणून त्याचें माप दोनदां घेतलें जातें. आंतलें वस्त्र कोणी पाहात नाहीं म्हणून तें अदमासानें बेतलें जातें. ह्या अदमासाचा त्रास ज्याच्या अंगावर तें वस्त्र असेल त्याला होतो, आणि हा त्रास बोलून दाखविण्याची आपल्या घरांतून, विशेषतः स्त्रियांमध्यें, पद्धत नाहीं. ह्यास्तव घरीं आंतलीं वस्त्रें शिवतांना कागदी नमुन्याचें योग्य माप कसें निवडावें, ह्या एकाच प्रश्नाचा विचार आम्हीं ह्या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

कोणी म्हणेल, बाजारांत तयार चड्ड्या आणि बनियनी स्वस्त मिळत असतां हा खटाटोप कशासाठीं? त्यास आमचें उत्तर असें, कीं घरीं शिवण्याचा खरा लाभ चार पैसे वांचविण्यांत नाहीं. तयार वस्त्र हजारों अनोळखी माणसांसाठीं शिवलेलें असतें. घरचें वस्त्र एकाच माणसासाठीं शिवतां येतें. नमुन्याचें माप चुकलें कीं हा लाभ तेथेंच नाहींसा होतो. मग कापड कितीहि चांगलें असो आणि शिवण कितीहि सुबक असो, तें वस्त्र पेटीच्या तळाशीं जाऊन पडतें, किंवा त्याहून वाईट म्हणजे, पैसे खर्च झाले आहेत म्हणून तें निमूटपणें वापरलें जातें.

आंकड्यावर विसंबूं नये

नमुना निवडतांना बहुतेकांची दृष्टि प्रथम त्यावरील आंकड्यावर जाते. "मला तयार कपडा अमुक नंबरचा लागतो, तेव्हां नमुनाहि तोच घ्यावा," असा सरळ हिशेब केला जातो. हा हिशेब चुकीचा आहे. निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकण्याची कल्पना एबेनेझर बटरिक ह्या शिंप्यानें अमेरिकेंतील स्टर्लिंग गांवीं १८६३ सालीं अंमलांत आणली. तोंपर्यंत छापील नमुना मिळे तो एकाच मापाचा, आणि तो आपल्या अंगाबरहुकूम लहानमोठा करून घेण्याचें काम शिवणारीवर पडे. बटरिकच्या युक्तीनें तें काम पुष्कळ सोपें झालें हें खरें; परंतु प्रत्येक कंपनीनें आपलें कोष्टक स्वतंत्र ठेविलें. त्यामुळें एका ठिकाणचा नंबर दुसऱ्या ठिकाणीं लागू पडेलच असें नाहीं. नंबर हें केवळ नांव आहे. माप पाहावयाचें तें त्या नंबराखालीं दिलेल्या इंचांचें किंवा सेंटिमीटरांचें. कोष्टक सेंटिमीटरांत असल्यास २.५४ सेंटिमीटरांचा एक इंच धरावा. ३८ इंच म्हणजे सुमारें ९६॥ सेंटिमीटर.

एका मापावरून बाकीचीं मापें ओळखतां येत नाहींत, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. १९३९-४० सालीं अमेरिकेच्या कृषिखात्यानें सुमारें १५,००० स्त्रियांचीं मापें घेतलीं. प्रत्येकीचीं ५९ मापें घेण्यांत आलीं आणि १९४१ सालीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. इतकी मापें घ्यावीं लागलीं ह्यावरूनच शरीराची ठेवण एका आंकड्यांत मावत नाहीं हें उघड होतें. त्या स्त्रियाहि अमेरिकेंतल्या. त्यांच्यावरून काढलेलें प्रमाण आपल्या बांध्याला जसेंच्या तसें लागू पडेल अशी अपेक्षा धरण्यांत अर्थ नाहीं. आपल्याच घरांतील दोन जावा घ्या. दोघींची कंबर ३० इंच असेल, परंतु एकीच्या नितंबांचा घेर ३६ आणि दुसरीचा ४१ असूं शकेल. कमरेवरून नमुना निवडला तर दोघींच्या हातीं एकच चड्डी येईल, आणि दुसरीला ती वर चढणारच नाहीं. म्हणून पहिला नियम हा, कीं कमरेखालील वस्त्राचा नमुना नितंबांच्या घेरावरून निवडावा. ह्या मापाला आपला शिंपी 'सीट' म्हणतो. कंबर नाडीनें, इलॅस्टिकनें किंवा दोन चुण्यांनीं लहान करतां येते. कापलेला घेर मागाहून वाढवितां येत नाहीं.

मापें कशीं घ्यावीं

मापें घेण्यास फार वेळ लागत नाहीं; लागतो तो थोडा धीटपणा. अंगावर एकच पातळ वस्त्र ठेवून माप घ्यावें. पातळाच्या निऱ्यांवरून घेतलेलें माप दोन-तीन इंचांनीं सहज फसवितें. कापडी फीत जुनी झाली कीं ताणून लांब होते. म्हणून ती आधीं लांकडी पट्टीशीं ताडून पाहावी. फीत अंगाला टेकावी, परंतु रुतूं नये, आणि मागेंपुढें सारख्या उंचीवर असावी. माप देणारीनें पोट आंत ओढूं नये. शिंप्याकडे लाजेनें केलेली ही लबाडी घरांत करण्याचें तर कांहींच कारण नाहीं.

मुख्य मापें चार आहेत. पहिलें, नितंबांचा घेर. तो जेथें सर्वांत अधिक भरेल तेथें घ्यावा, मग ती जागा कमरेपासून सात इंचांवर असो कीं नऊ इंचांवर. दुसरें, कमरेचा घेर. ज्या ठिकाणीं वस्त्र प्रत्यक्ष राहातें तेथें तो मोजावा, आणि एकदां उभ्यानें व एकदां बसून मोजावा. बसल्यावर कंबर बहुधा इंच-दीड इंचानें वाढते, आणि आंतलें वस्त्र उभ्यापेक्षां बसून अधिक त्रास देतें. तिसरें माप बैठकीचें. सपाट, टणक स्टुलावर ताठ बसावें आणि कमरेपासून स्टुलापर्यंत बाजूनें सरळ अंतर मोजावें. चौथें, मांडीचा घेर. तो अगदीं वर, सांध्याजवळ घ्यावा.

मापें दुसऱ्यानें घेतलेलीं बरीं. जाऊ जावेचीं, नणंद भावजयीचीं, मुलगी आईचीं घेऊं शकते. ज्यांना तेंहि अवघड वाटतें त्यांनीं दार लावून न ताणणारा सुताचा दोरा अंगाभोंवतीं घ्यावा, आरशांत पाहून तो सारखा करावा, जुळला तेथें खूण करावी आणि मग पट्टीवर मोजावा. माप ठीक येतें.

अंगाचें माप आणि वस्त्राचें माप

ह्यापुढची पायरी अशी आहे कीं तेथें चांगल्या शिवणाऱ्याहि घोटाळ्यांत पडतात. नमुन्याच्या पाकिटावरील आंकडा अंगाचा आहे, कीं तयार झालेल्या वस्त्राचा आहे, हें प्रथम पाहावें. समजा, आपला घेर ३८ इंच आहे. मलमल, केंब्रिक किंवा लाँगक्लॉथ ह्यांसारख्या न ताणणाऱ्या कापडाची चड्डी बसतां-उठतां कांचूं नये ह्यासाठीं तिचा तयार घेर अंगापेक्षां सुमारें चार इंच अधिक, म्हणजे ४२ इंच असावा. आतां पाकिटावर अंगाचीं मापें दिलीं असतील तर ३८ च्या रकान्यांतील नमुना घ्यावा. सैलपणा त्यांत आधींच धरलेला असतो. तयार वस्त्राचीं मापें दिलीं असतील तर ४२ चा घ्यावा. ह्या दोहोंची गल्लत झाली, तर एकतर चड्डी गोणपाटासारखी होते, नाहीं तर पहिल्याच दिवशीं शिवणीवर उसवते.

दुसरी गोष्ट शिवणीच्या जागेची. कांहीं नमुन्यांत ती धरलेली असते, कांहींत नसते. आएने बुर्डा ह्या जर्मन बाईनें १९५० सालीं सुरू केलेल्या प्रसिद्ध मासिकांतील नमुने शिवणीची जागा न धरतां छापले जातात, आणि ती आपण सोडावयाची असते. चड्डीला पुढें, मागें आणि दोन बाजूंना अशा चार उभ्या शिवणी असल्या आणि प्रत्येक शिवणींत दोहोंबाजूंचें अर्धा-अर्धा इंच कापड गेलें, तर एकूण चार इंच घेर कमी होतो. म्हणजे वर सांगितलेला सगळा सैलपणा त्यांतच संपला. म्हणून कापड कापण्यापूर्वीं कागदाचे तुकडे प्रत्यक्ष मोजावे, शिवणींत जाणारा भाग वजा करावा, आणि उरलेला घेर आपल्या घेराशीं ताडून पाहावा. ह्या पांच मिनिटांत जें समजतें तें पाकिटावरील कोणत्याहि नंबरावरून समजत नाहीं.

कापडाचा स्वभाव

नमुन्याचें माप कापडावांचून ठरवितां येत नाहीं. हातमागाचें किंवा गिरणीचें साधें कापड उभें-आडवें ताणत नाहीं. औरेब कापलें तरच थोडें ताणतें. बनियनीचें जाळीदार विणीचें कापड, ज्याला आपण होजियरी म्हणतों, तें मात्र ताणतें. त्यामुळें त्याच्या चड्डीचा नमुना अंगाच्या घेराहून लहान असतो. अंग ३८ आणि नमुना ३५, हें तेथें योग्यच आहे. हाच ३५ चा नमुना मलमलीवर ठेवून कापला, तर ती चड्डी मांड्यांच्या वर सरकणार नाहीं. आणि मलमलीचा ४२ चा नमुना होजियरीवर कापला, तर ती दुपारपर्यंत ओघळून गुडघ्याशीं येऊं पाहील.

होजियरी किती ताणते हें पाहाण्याची रीत सोपी आहे. कांठापासून दूर, आडव्या दिशेनें, चार इंचांच्या अंतरावर दोन टांचण्या लावाव्या आणि कापड हलकेच ओढावें. जोर न लावतां तें पांच इंच झालें आणि सोडतांच पुन्हां चार इंचांवर आलें, तर त्याचा ताण शेंकडा २५ समजावा. नमुन्यावर जेवढा ताण सांगितला असेल तेवढा कापडांत नसेल, तर कापड बदलावें किंवा एक माप मोठें घ्यावें. ओढल्यावर जें परत येत नाहीं, तें कापड ह्या कामाचें नाहीं.

सुती कापड आटतें हें प्रत्येक गृहिणी जाणते. तरीहि आंतल्या वस्त्रांना तें लागू करण्याचा विसर पडतो. २० इंचांचा चौकोन कापून, नेहमींप्रमाणें धुवून, वाळवून, इस्त्री करून मोजावा. तो १९ इंच झाला तर कापड शेंकडा ५ आटलें, आणि ४२ इंचांची चड्डी ४० इंचांची झाली. ह्यावर मोठा नमुना घेणें हा उपाय नव्हे, कारण कापड उभें आणि आडवें सारखें आटत नाहीं. सबंध कापड धुवून, वाळवून मग बेतावें, हाच खरा उपाय.

माप दोन नंबरांच्या मध्यें पडलें, म्हणजे ३८ आणि ४० ह्यांच्यामध्यें ३९ आलें, तर काय करावें? साध्या कापडास मोठें माप घ्यावें. चांगल्या ताणाच्या होजियरीस लहान घेण्यास हरकत नाहीं. शंका उरल्यास मोठेंच घ्यावें. अधिक कापड शिवणींत घालतां येतें.

घेर कमी, कीं लांबी कमी?

चड्डी घट्ट झाली कीं पुढच्या वेळीं एक नंबर मोठी शिवावयाची, ही सर्वत्र आढळणारी रीत आहे. पुष्कळदां दोष घेराचा नसून लांबीचा असतो, आणि अशा वेळीं नंबर वाढवूनहि त्रास जात नाहीं. म्हणून आधीं जुन्या धोतराच्या किंवा पातळाच्या मऊ तुकड्याची चड्डी धांवदोऱ्यानें कच्ची शिवून अंगावर घालून पाहावी. होजियरीच्या नमुन्यासाठीं जुन्या बनियनींचें कापड घ्यावें. तीं घालून उभें राहावें, वांकावें, मांडी घालून बसावें. पुढच्या बाजूस ताणलेल्या आडव्या सुरकुत्या पडल्या तर घेर कमी आहे. मांडी घालतांना मागची कड खालीं ओढली गेली तर मागची लांबी कमी आहे. कंबर व घेर ठीक असून दोन्ही पाय जुळतात तेथें कांचलें तर बैठक कमी आहे. पायाच्या कडेचा वळ उठला तर मांडीची गोलाई लहान आहे.

बैठक वाढवावयाची असेल तर कमरेच्या कडेवर नुसती पट्टी जोडून भागत नाहीं. नमुन्यावर कंबर आणि पाय जुळण्याची जागा ह्यांच्या दरम्यान आडवी रेघ ओढावी, तेथें कागद कापावा, हवें तेवढें अंतर ठेवून खालीं दुसरा कागद चिकटवावा. साध्या कापडाच्या चड्डीची तयार बैठक स्टुलावर घेतलेल्या मापाहून पाऊण ते एक इंच अधिक असावी. पुरुषांच्या चड्ड्यांसहि हेंच लागू आहे. त्यांच्या चड्ड्या घरांत नेहमीं कमरेच्या आंकड्यावरून ठरतात, आणि पोट सुटलेल्या गृहस्थाला कंबर जुळली कीं पाय ढगळ होतात. घाम आणि दमटपणा ह्यांत, विशेषतः कोंकणांत, जांघेशीं कांचणारें ओलसर वस्त्र गजकर्णाला आमंत्रण देतें, हेंहि विसरतां कामा नये.

छातीच्या वस्त्रांविषयीं येथें एवढेंच सांगतों, कीं त्यांना एक माप पुरत नाहीं. छातीखालील घेर आणि छातीचा भरलेला घेर हीं दोन्हीं निराळीं मोजावीं. पट्टा पहिल्या मापावरून ठरतो, आणि वरच्या भागाची खोली दोहोंतील अंतरावरून. खोली कमी पडली म्हणून पट्टा सैल केला, तर भार खांद्यांवर येतो आणि खांद्यावर खोलगट वळ पडतात.

परकराची नाडी

आतां ज्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों, तिच्याकडे वळूं. नऊवारी लुगड्याखालीं परकर घालीत नसत. गोल पातळ रूढ झालें आणि सगळ्या निऱ्यांचा भार परकराच्या नाडीवर आला. परकराच्या मापांत लांबीकडे सर्वांचें लक्ष असतें. कमरेचा प्रश्न मात्र नाडी आवळून सोडविला जातो. कमरेभोंवतीं काळा पडलेला वळ ज्या घरांत एकाहि स्त्रीला नाहीं, असें घर क्वचितच सांपडेल; आणि त्या वळाकडे कोणी दुखणें म्हणून पाहात नाहीं.

वस्त्राच्या सततच्या घर्षणाकडे वैद्यकानें फार पूर्वीं लक्ष वेधलें आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई ह्यांनीं १९४५ सालीं धोतर घट्ट नेसण्याशीं संबंध असलेल्या कर्करोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. २०२४ सालीं वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनीं कमरेच्या बाजूस चिघळलेल्या जखमेचें कर्करोगांत पर्यवसान झालेल्या दोन वयस्क स्त्रियांची हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत दिली. एकीला घट्ट परकराची, तर दुसरीला घट्ट लुगड्याची वर्षानुवर्षांची संवय होती. असें फार विरळा घडतें, आणि वाचकांना भिवविण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु जी जखम महिनोन् महिने भरत नाहीं ती डॉक्टरांस दाखविली पाहिजे, आणि जो वळ टाळतां येतो तो टाळला पाहिजे, एवढा बोध घेण्यास हीं उदाहरणें पुरेशीं आहेत.

उपाय मापांतच आहे. परकराचा नमुना नितंबांच्या घेरावरून घ्यावा. कंबर बसून घेतलेल्या मापाची ठेवावी. आणि अरुंद नेफा व दोरीसारखी नाडी ह्यांच्याऐवजीं अडीच-तीन इंच रुंद सपाट पट्टा लावून तो हुकांनीं किंवा बटणांनीं बंद करावा. बटणांच्या दोन ओळी लावल्या तर जेवणापूर्वीं आणि जेवणानंतर अशीं दोन मापें एकाच परकरांत मिळतात. पट्टा कळ्यांच्या घेराशीं नीट जुळला असला म्हणजे पातळ सांवरण्यास आवळण्याची गरज पडत नाहीं. चड्डीला इलॅस्टिक घालावयाचें असेल तर तेंहि पाऊण इंचाहून अरुंद नसावें. ३० इंच कमरेस सुमारें २७ इंच घेऊन जोडासाठीं एक इंच अधिक धरावा, आणि शिवण्यापूर्वीं अंगाभोंवतीं लावून, बसून पाहावें.

लहान आणि थोर

मुलांच्या नमुन्यांवर वय लिहिलेलें असतें, आणि त्यावर आपण फार विसंबतों. सहा वर्षांचीं दोन मुलें एका उंचीचीं नसतात. उंची आणि घेर मोजूनच नमुना घ्यावा. "वाढतें अंग" म्हणून दोन नंबर मोठी चड्डी शिवणें हें मुलाला दिवसभर चड्डी सांवरावयास लावणें आहे. त्यापेक्षां बैठकींत एक आडवी चूण घालून ठेवावी आणि वाढ होईल तशी सोडावी. वयांत येणाऱ्या मुलींचीं मापें तर दर सहा महिन्यांनीं घ्यावीं. ह्या वयांत मुलगी स्वतःहून कांहीं बोलत नाहीं, आणि थोरल्या बहिणीचें वस्त्र धाकटीला देण्याची घरची चाल आंतल्या वस्त्रांपुरती तरी सोडून द्यावी.

गरोदरपणीं आणि बाळंतपणानंतर जुनें माप निरुपयोगी असतें. वृद्ध माणसांचें अंग उतरतें, पाठ वांकते, पाय सुजतात. त्यांना वीस वर्षांपूर्वींच्या मापाचें वस्त्र देणें म्हणजे त्यांची कुचंबणा करणें होय. सासूबाई किंवा आजी आपल्या तोंडानें "हें टोंचतें" असें म्हणणार नाहींत. सुनेनें किंवा नातीनें विचारलें पाहिजे, आणि विचारतांना फीत हातांत असली पाहिजे.

ह्यासाठीं आमची सूचना अशी आहे, कीं शिवणयंत्राच्या खणांत एक मापांची वही ठेवावी. घरांतील प्रत्येकाला एक पान द्यावें. त्यावर तारीख, चार मापें, कोणता नमुना वापरला, त्यांत कोठें काय वाढविलें अथवा कमी केलें, आणि कापड किती आटलें हें लिहावें. मोठ्यांचीं मापें वर्षांतून एकदां, दिवाळीचे कपडे बेतावयाच्या वेळीं, पुन्हां घ्यावीं. वजन कमीअधिक झालें तर मध्येंहि घ्यावीं. ज्यांना आपलें पान इतरांनीं पाहूं नये असें वाटेल त्यांनीं तें आपल्याजवळ ठेवावें. पांच-सात माणसांच्या घराला ह्या कामासाठीं एक दुपार पुरेशी आहे, आणि त्या दुपारीं घरांतली जी व्यक्ति आजवर गप्प राहून सोसत आली असेल, तिचें पान सर्वांत आधीं भरावें.